उरॉक घ्यायचा तर डोक्यासकट

कोरियाच्या मासळीबाजारात उरॉक पहिल्यांदा घेणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात. मासा विषारी आहे म्हणतात, मग तो कच्चा कसा खातात? आणि किलोभर तोलून घेतला होता, मग ताटात एवढंसंच कसं आलं? पहिली भीती गरजेपेक्षा मोठी आहे. दुसरी तक्रार मात्र अगदी रास्त आहे, आणि उरॉक घेताना पैसे वाया जातात ते तिथेच.

आधी ओळख. उरॉक हे बाजारातलं नाव, कागदोपत्री तो जोपीबोल्लाक, शास्त्रीय नाव सेबास्टिस श्लेगेली. कोरिया, जपान आणि उत्तर चीनच्या थंड किनाऱ्यावर, खडकांच्या आडोशाला राहणारा मासा. जपानी लोक त्याला कुरोसोई म्हणतात. कोरियात पाळल्या जाणाऱ्या माशांत क्वांगॉ, म्हणजे दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला तो चपटा मासा, पहिला आणि उरॉक दुसरा. दक्षिण किनाऱ्यावर थोंग्यॉंग, यॉसू या भागांत समुद्रात जाळ्यांचे पिंजरे सोडून तो वाढवतात. नावाचा उच्चार 'उरक' आणि 'उरॉक' यांच्या मधला कुठेतरी. गोव्याच्या उराकाशी त्याचा काही संबंध नाही, आणि साफ करायला बसलं की कामाला उरकही नसतो.

आता विषाबद्दल. मराठीत 'विषारी' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात, घोटाळा तिथून सुरू होतो. त्याच बाजारात मिळणाऱ्या बोक माशाच्या, म्हणजे फुग्या माशाच्या, अंगातच विष असतं. ते शिजवूनही जात नाही, म्हणून तो करायला परवानाधारक आचारी लागतो. उरॉकचं तसं नाही. त्याचं विष फक्त काट्यांत. पाठीच्या पराचे 13 काटे, शेपटीकडच्या खालच्या पराचे 3, पोटाच्या दोन परांचा एकेक, असे एकूण 18. काट्याच्या दोन्ही अंगांना खोबणी असते, विषाची ग्रंथी त्या खोबणीत आणि वर पातळ कातडी. काटा हातात घुसला की कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. मांसात विष नाही, डोक्यात नाही, गाबोळीतही नाही. म्हणून कच्चा खाल्ला तरी काही होत नाही. हे विष प्रथिनांचं असल्यामुळे उकळीत निकामी होतं, त्यामुळे कालवणात चुकून एखादा काटा आला तर तो घशात अडकेल इतकीच भीती. आपल्याकडे शिंगाळा साफ करणारी बाई ज्या सवयीने आधी त्याचे काटे मोडते, तेवढीच सावधगिरी इथे पुरते. तीव्रतेतही उरॉक त्याच्या नात्यातल्या काही माशांपेक्षा बराच सौम्य. खरा जहाल तो सुगीमी, दगडासारखा ओबडधोबड दिसणारा. तो मात्र घरी साफ करायच्या भानगडीत पडू नये.

तरीही काटा लागला तर? माशाची नांगी म्हणून बर्फ लावतात ती चूक. उष्णतेने हे विष मोडतं, म्हणून गरम पाणी. 40 ते 45 अंश, चटका न बसता सोसवेल इतकं, अर्धा ते दीड तास. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, म्हणजे न दुखणाऱ्या हाताने घ्यायचा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. तुटलेलं टोक आत राहिलं असेल तर चिमट्याने काढायचं, जखम धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर तेही बघायचं. सूज वर चढायला लागली, धाप लागली, चक्कर आली तर 119 वर, म्हणजे कोरियातल्या आपत्कालीन क्रमांकावर, फोन. आणि मेलेल्या माशाचा काटाही लागतो. फ्रीजमधून काढलाय म्हणून उघड्या हाताने धरू नये.

आता दुसरी शंका, म्हणजे खरी गोष्ट. उरॉकचं डोकं मोठं, हाडं जाड, पोटाची पोकळी प्रशस्त. किलोभर माशातून कातडी काढलेलं निव्वळ मांस निघतं सुमारे एक तृतीयांश. क्वांगॉ चपटा, डोकं लहान, तो जवळपास निम्मा हाती लागतो. म्हणजे समजा दोन्हींचा भाव किलोला 30 हजार वॉन आहे, तर क्वांगॉच्या 100 ग्रॅम मांसाला 6 हजार पडले आणि उरॉकच्या 100 ग्रॅमला 9 हजारांच्या आसपास. पाटीवरचा भाव सारखा दिसतो, ताटातला दीडपट असतो. दुकानदार फसवत नाही, मासाच तसा आहे. मात्र उरलेलं दोन तृतीयांश वजन, ज्याचे पैसे दिलेच आहेत, ते तिथेच टाकून यायचं असेल तर उरॉक घेऊच नये. फक्त कच्चे काप, म्हणजे ह्वे, खायचे असतील तर क्वांगॉ घ्यावा, तो स्वस्त पडतो.

उरॉकची खरी किंमत डोक्यात आणि हाडांत आहे. उकळत्या पाण्यात त्याच्या डोक्यातून आणि कातडीतून चिकट सत्त्व सुटतं, रस्सा दाट होतो, आणि वास मात्र समुद्राचाच राहतो, चिखलाचा येत नाही. क्वांगॉच्या हाडांचा रस्सा याच्यापुढे अगदी पाणचट. त्यामुळे मासा कापायला दिला की लगेच म्हणायचं, "मेउन्थांग-कॉरी छेंग्यॉ चुसेयो." रश्श्याचा माल बांधून द्या, असा त्याचा अर्थ. गर्दीच्या वेळी न सांगितल्यास तो कचऱ्याच्या बादलीत जाऊ शकतो. डोकं मधोमध चिरून घ्यायचं आणि कल्ले काढून टाकायला सांगायचे. कल्ले राहिले तर रस्सा कडवट होतो.

टाकीतला मासा निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. उरॉक मुळातच तळाशी निपचित बसणारा मासा. तो पोहत नाही म्हणून आजारी नव्हे. बघायचं ते कल्ल्यांकडे, त्यांची उघडझाप संथ आणि सारखी हवी. कुशीवर कललेला, डोळे फुगलेले, अंगावर पांढरट चट्टे, शेपटी घासून झिजलेली, असा मासा सोडून द्यावा. तो टाकीत किंवा गाडीत फार दिवस राहिलेला असतो, मांस सैल लागतं. आकार मोठा घ्यावा. पाचपाचशे ग्रॅमचे दोन घेण्यापेक्षा किलोचा एकच बरा. मांस जास्त निघतं, चवही भरते. अर्धा किलोच्या आतला मासा ह्वेसाठी निरुपयोगी, कापांना चर्वण येतं पण गोडी येत नाही.

पाळलेला आणि समुद्रातला यांत भाव बराच फरकाचा. पाटीवर 'यांगशिक' म्हणजे पाळलेला, 'चायॉनसान' म्हणजे समुद्रातला. पाळलेला बहुधा अंगभर काळाकुट्ट, समुद्रातला फिकट करडा, त्यावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी स्पष्ट. डोळ्यामागून जाणारे दोन काळे पट्टे आणि वरच्या जबड्यावर, डोळ्याच्या खाली, तीन बारीक काटे या खुणा दोन्हींत सापडतात. ते तीन काटे दिसले की हा उरॉकच, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुठला नाही. चिनी मालही येतो. उपाहारगृहांनी ज्या माशांचा देश पाटीवर लिहिणं कोरियात सक्तीचं आहे त्यांत उरॉक आहे, तेव्हा 'कुंगनेसान', म्हणजे देशी, लिहिलंय का ते विचारायला संकोच नको. कच्चं खायचं तर आमचं मत पाळलेल्याकडे झुकतं. कारण चवीचं नाही. समुद्रातला मासा लहान जिवंत मासे खातो, त्यातून आनिसाकीस नावाच्या कृमीची शक्यता येते. पिंजऱ्यातल्याला गोळ्यांचं खाद्य, ती शक्यता फारच कमी. समुद्रातला उरॉक रश्श्याला घ्यावा, उकळीत कृमीचा प्रश्न मिटतो.

उन्हाळ्यात घेऊ नये, याला दोन कारणं. उरॉक अंडी घालत नाही, पिल्लं जन्माला घालतो. एप्रिल ते जून हा त्याचा काळ, त्यानंतर मासा हडकतो. आणि ऑगस्टात समुद्र तापला की पिंजऱ्यातल्या उरॉकचे हाल होतात. पाणी 28 अंशांवर गेलं की सरकार धोक्याचा इशारा देतं, आणि या थंड पाण्याच्या माशाला ते अजिबात सोसत नाही, लाखोंनी मरतात. 2018 आणि 2024 च्या उन्हाळ्यांत दक्षिण किनाऱ्यावर हे मोठ्या प्रमाणात झालं. वाचलेला मासाही खाणं टाकलेला असतो. भाव चढा, माल खराब. शिवाय उन्हाळ्याच्या कोमट समुद्रात विब्रिओ जिवाणू वाढतो. यकृताचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी त्या दिवसांत कच्ची मासळी टाळलेलीच बरी. थंडीत घ्यावा. तेव्हा मांस घट्ट आणि तुकतुकीत असतं.

कुठे घ्यावा? सोलमध्ये राहणाऱ्याला नोर्यांगजिनचा बाजार सोयीचा. 1927 साली सुरू झालेला हा बाजार 1971 मध्ये आत्ताच्या जागेकडे आला, 2016 पासून नव्या इमारतीत आहे. पहिल्या आणि नवव्या मेट्रो मार्गाचं स्थानक लगतच. खाली गाळ्यावर मासा निवडायचा, तोलायचा, कापून घ्यायचा, मग वरच्या एखाद्या छोजांग-चिपमध्ये जाऊन खायचा. छोजांग-चिप म्हणजे फक्त टेबल, चटण्या आणि काप गुंडाळून खायची पानं देणारी खानावळ. तिथे टेबलाचे माणशी काही हजार वॉन, रस्सा शिजवून देण्याचे वेगळे, भात आणि सोजू (कोरियन दारू) आणखी वेगळे. चार माणसं असतील तर हा वरखर्च माशाच्या किमतीच्या जवळ जातो. हे आधी धरून चालावं, नंतर भांडण नको. दोघंच असाल तर कापलेला मासा बर्फासह बांधून घरी आणणं परवडतं. बुसानला जागाल्छीतही पद्धत हीच.

वजनाच्या वेळी तराजूवर आधी रिकामी टोपली ठेवायला सांगावी आणि आकडा शून्यावर आणवावा. मासा पाण्यातून काढून थेट तोलला तर टोपलीत साचलेलं पाणी माशाच्या भावाने विकलं जातं. क्षणभर निथळू द्या म्हणायचं. कापताना बघायचं ते एवढंच की मासा आधी रक्त काढून मारला जातोय का, आणि कातडी सोलल्यावर मांस नळाखाली न धरता कोरड्या फडक्यात टिपलं जातंय का. गोड्या पाण्याने धुतलेलं मांस पाणी पितं, काप अर्ध्या तासात पांढरट आणि मऊ पडतात. चांगला गाळेवाला हे न सांगता करतो. गर्दीत घाईला आलेला करत नाही.

ह्वेबद्दल प्रामाणिक मत. कोरियन लोकांना ताज्या कापलेल्या माशाचा कचकचीतपणा आवडतो आणि उरॉक त्यात वरचढ आहे. पापलेटच्या मऊ मांसाची सवय असलेल्या जिभेला तो पहिल्या घासाला रबरासारखा वाटू शकतो. मग काप फडक्यात गुंडाळून, हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवून बघावेत. ताण सैलावतो, गोडी वर येते. काप छोजांगमध्ये, म्हणजे त्या गोड आंबट लाल चटणीत, बुडवून काढले तर कुठलाही मासा सारखाच लागतो. निदान पहिले दोन काप सोया सॉस आणि किंचित वासाबीबरोबर खावेत.

मासा घरी साफ करायचा झाला तर जाड रबरी हातमोजे आणि मजबूत कात्री आधी काढून ठेवायची. सगळ्यात पहिलं काम काटे. शेपटीकडून डोक्याकडे कात्री चालवत पाठीचे काटे मुळाशी कापायचे, मग पोटाचे आणि शेपटीकडच्या खालच्या पराचे. कापलेले काटे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळूनच कचऱ्यात टाकायचे, प्लास्टिकची पिशवी ते फोडतात आणि कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. कल्ल्यांच्या झाकणावरही टोकं असतात, त्यांत विष नाही पण बोट कापतं. मग खवले. बारीक, चिवट आणि फार उडणारे. पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात मासा धरून खरवडला तर भिंती वाचतात. पोट उघडल्यावर कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ सुरीच्या टोकाने चिरून, जुन्या टूथब्रशने घासून धुवायची. रश्श्याला उग्र वास येतो तो बहुतेक वेळा या रेघेचा. मासा ताजा नव्हता म्हणून दुकानदाराला बोल लावण्याआधी हे तपासावं.

मेउन्थांग, म्हणजे माशाचा तिखट रस्सा. किलोच्या माशाचं डोकं आणि हाडं, साधारण 500 ते 600 ग्रॅम. चाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतायचं, लगेच गार पाण्यात रक्ताच्या गुठळ्या धुवून काढायच्या. सव्वा लिटर पाण्यात 250 ग्रॅम मुळा पातळ चौकोनी कापून दहा मिनिटं उकळायचा. मुळा कोरियन, जाड आणि गोडसर. दोन मोठे चमचे गोचुगारू (कोरियन मिरचीपूड), एक चमचा गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीची घट्ट चटणी), एक चमचा ठेचलेला लसूण, एक चमचा रश्श्याचा सोया सॉस, बोटभर आलं. मग हाडं टाकायची आणि मोठ्या आचेवर झाकण न ठेवता उकळी आणायची. फेस येईल तो काढत राहायचं. झाकण ठेवलं तर वास आतच कोंडतो. आच मध्यम करून वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी मिठाचा अंदाज, हिरवी छॉन्यांग मिरची, कांद्याची पात, आणि उतरवताना मूठभर मिनारी, म्हणजे एक सुवासिक कोरियन पालेभाजी. मिनारी मिनिटभरापेक्षा जास्त शिजली की तिचा सुगंध गेलाच. नेहमी बिघडतं ते गोचुजांगमुळे. तिखट हवं म्हणून तीन-चार चमचे टाकतात आणि रस्सा गोड, पिठूळ होऊन बसतो. तिखट गोचुगारूने वाढवावं.

आपल्या पद्धतीने करायचं तर उरॉकचं डोकं आंबट तिखल्याला फार चांगलं. मांस गोबऱ्यासारखं घट्ट, ढवळताना फुटत नाही. मिरच्या, धणे, हळद, थोडं ओलं खोबरं वाटून, पाच-सहा आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं घालून पंधरा मिनिटं. तिरफळं संपली असतील तर कोरियन दुकानात छोपीची पूड मागावी. ती तिरफळाच्याच कुळातली, जिभेला तशीच झिणझिणी आणते, लिंबासारखा वास थोडा जास्त. अर्धा चमचा पुरतो, तोही शेवटी. रवा लावून तळायला मात्र उरॉकच्या आडव्या तुकड्या नकोत, मधलं हाड जाड असल्याने आत कच्चं राहतं. काटे काढलेल्या, दीड सेंटिमीटर जाडीच्या फिले तळाव्यात.

मॉलमध्ये मिळणारं मेउन्थांगचं तयार पाकीट, म्हणजे कापलेला मासा, भाज्या आणि सॉसची पुडी, घाईच्या दिवशी ठीक. पुडी निम्मीच वापरावी. पाकिटात डोकं दिसलं नाही तर घेऊ नये.

अमेरिकेत किंवा युरोपात 'रॉकफिश' म्हणून मिळतो तो उरॉक नव्हे. याच गणाचे शंभराहून अधिक भाईबंद आहेत, पॅसिफिक किनाऱ्यावर मिळणारे त्यांतले, कित्येकदा 'पॅसिफिक स्नॅपर' या नावाने विकलेले. मांस मऊ, तळायला चांगलं, रश्श्याला डोकं बहुधा मिळत नाही. मेरीलँड-व्हर्जिनियाकडे तर रॉकफिश म्हणजे पट्टेरी बास, वेगळाच मासा.

या सगळ्या प्रकारांत सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते पैशाला सर्वांत जास्त जागणारा प्रकार म्हणजे सुकवलेला उरॉक. पश्चिम किनाऱ्यावर थेआन, सॉसान भागात पोटातून चिरून, मीठ लावून, समुद्रावरच्या वाऱ्यात अर्धवट वाळवतात. आपल्या खारवलेल्या सुरमईपेक्षा मीठ कमी, ओल जास्त. आतडी आधीच गेलेली. त्याचं उरॉक-जॉत्कुक करतात. एक मासा तांदळाच्या दुसऱ्या धुवणात वीस मिनिटं भिजवायचा. पहिलं धुवण धुळकट असतं, ते फेकून द्यायचं. दुसरंच सुमारे लिटरभर घेऊन त्यात माशाचे तुकडे आणि मुळा वीस मिनिटं मंद उकळायचा. मीठ घालायचं नाही, सेउजॉत म्हणजे खारवलेल्या बारीक कोलंबीने चव साधायची. चमचाभर घालून पाच मिनिटांनी चाखायचं, मासा आणखी मीठ सोडत असतो. शेवटी टोफू, पात, एखादी मिरची. लाल तिखट नाहीच. दुधट रंगाचा, पेजेच्या जवळ जाणारा रस्सा. सुक्या मासळीची ओढ असलेल्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही.

घेताना बोटाने दाबून बघावा. मांस चामड्यासारखं लवायला हवं. कडक लाकूड झालेला जुना असतो, आणि पोटाच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतील तर चरबी खवट झालेली आहे. घरी आणल्यावर एकेक मासा वेगळा गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावा, साध्या फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांवर नको. शिजवताना खिडकी उघडी आणि पंखा चालू. कोरियन शेजारी तक्रार करणार नाहीत, पण गॅलरीत वाळत घातलेले कपडे आधी आत घ्यावेत.